मारिओज पिक्रॉस: अनुमान की अंदाज?

मंडळी, गेम बॉय म्हटलं की टेट्रिस आठवतंच. १९८९ साली निन्टेन्डोने अमेरिकेत तो डबा विकला तो टेट्रिस सोबत देऊनच. नव्वदीत आपल्याकडे मुलांच्या हाती दिसणारे ब्रिक गेम ही त्याचीच स्वस्त भावंडं. पण टेट्रिसला आम्ही कोडं म्हणणार नाही. त्यात शोधायचं उत्तरच नाही, फक्त टिकून राहायचं आहे. खेळ थोर, यात वाद नाही.

कोडं म्हणजे १९९५ चा मारिओज पिक्रॉस. रिकाम्या घरांचा पट, मोठ्यात मोठा १५ बाय १५. प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीच्या टोकाला आकडे, म्हणजे सलग किती घरं भरायची ते. आता बघा, १५ घरांच्या ओळीपुढे नुसता ९ आहे. पट्टी डावीकडे टेकवा, उजवीकडे टेकवा, सातवं, आठवं आणि नववं घर दोन्ही वेळा भरतंच. बाकीचं काही माहीत नसताना एवढं मात्र निश्चित कळलं! मराठीत आपण अनुमान आणि अंदाज हे शब्द सैलपणे एकाच अर्थाने वापरतो. नैयायिकांना ते चाललं नसतं, त्यांच्या अनुमानाला हेतू दाखवावा लागतो. या खेळात प्रत्येक घराला तसा हेतू दाखवता येतो, म्हणून आम्ही त्याला टेट्रिसच्या वर ठेवतो.

आणि इथेच आमची तक्रार आहे. चुकीच्या घरावर छिन्नी मारलीत की खेळ लगेच सांगतो, 'चूक'. मग ३० मिनिटांतून आधी २, नंतर ४, नंतर ८ मिनिटं कापतो. दिसायला हा दंड आहे. खरं तर ती खरेदी आहे हो! दोन मिनिटं मोजली आणि ते घर रिकामं असल्याची पक्की खबर मिळाली. विचार न करता मिळाली. शेवटी चित्र पूर्ण होतं, पण ते अनुमानाने झालं की अंदाजाने, हे चित्र सांगत नाही.

कोणी म्हणेल, प्रवासातला खेळ, एवढासा पडदा, जरा सवलत हवीच. असेलही. पण त्याच वर्षी टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी आलेल्या सुपर पिक्रॉसमध्ये वारिओची कोडी आहेत. त्यांत वेळेची मर्यादा नाही, आणि चूक दाखवली जात नाही. आरंभी घातलेला घोळ कितीतरी घरांनंतर विसंगती होऊन समोर येतो, मग उलट पावली शोधत जायचं. बनवणाऱ्यांना फरक कळत होता, एवढं यातून नक्की दिसतं.

गेम बॉयवर सुरुवातीलाच एक आडवी आणि एक उभी ओळ फुकट उघडून घ्यायची सोय आहे. ती नाकारता येते. आम्ही नाकारतो.