परका कसबी, घरचा कामगार : ‘अमेरिकन फॅक्टरी’च्या निमित्ताने

कुशल काम परदेशी माणसाला द्यावे की घरच्या, हा वाद अमेरिकेत जुनाच आहे. अलीकडे तो आमच्या धर्मग्रामातील दिवाणखान्यांत येऊन बसला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी परवान्याच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार बसविणारा हुकूम अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी काढला, तेव्हा ज्या घरांतील मुले तिकडे आहेत वा जाण्याच्या तयारीत आहेत, त्या घरांत काही दिवस दुसरा विषय नव्हता. १९९० च्या कायद्याने जन्मास आलेला हा परवाना. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेतच पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी त्याची मर्यादा, आणि त्यांतील सर्वांत मोठा वाटा भारतीयांचा. एक पक्ष म्हणतो, एवढे कसब आमच्याकडे नाही म्हणून बाहेरून आणावे लागते. दुसरा म्हणतो, कसब आहे, पण तुम्हांला ते स्वस्तात हवे आहे. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून झाल्यावर आमच्या मनात एकच शंका उरते : या वादात ज्याच्याविषयी बोलले जाते तो माणूस कुठे आहे?

तो माणूस आम्हांला एका माहितीपटात भेटला. स्टीव्हन बॉग्नार आणि ज्युलिया रायकर्ट या दांपत्याने दिग्दर्शित केलेल्या ‘अमेरिकन फॅक्टरी’चा (२०१९) येथे विचार करावयाचा आहे. २०२० साली त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. रायकर्टबाई २०२२ मध्ये निवर्तल्या. यातील परके कसबी भारतीय नव्हेत, चिनी आहेत. संगणकाशी नव्हे, काचेच्या भट्टीशी त्यांची गाठ आहे. तरीही आमच्या वाचकांनी हा चित्रपट अवश्य पाहावा, असे आम्हांला वाटते.

ओहायो राज्यातील डेटन शहरालगत मोरेन नावाचे गाव आहे. तेथला जनरल मोटर्सचा कारखाना २३ डिसेंबर २००८ रोजी, नाताळच्या तोंडावर, बंद पडला. याच दिग्दर्शकद्वयाने त्या अखेरच्या दिवसांवर ‘द लास्ट ट्रक’ हा लघुपट केला होता. म्हणजे ही माणसे त्यांच्या ओळखीची होती. पुढे २०१४ साली मोटारीच्या काचा बनविणाऱ्या फुयाओ या चिनी कंपनीने ती ओस वास्तू विकत घेतली. स्थानिकांना नोकऱ्या मिळाल्या आणि त्यांना शिकविण्यासाठी चीनमधून सुमारे दोनशे जाणकार कामगार आले. चित्रपटाची मुख्य कथा सुरू होते ती या लग्नाच्या बोलण्यांपासून.

अमेरिकेतील नेहमीच्या वादात परका माणूस घरच्या माणसाची जागा घेतो. २०१५ साली डिस्ने कंपनीच्या ऑर्लँडो येथील सुमारे २५० संगणक कर्मचाऱ्यांना काढण्यात आले आणि जाण्यापूर्वी आपल्या जागी येणाऱ्या भारतीयांना काम शिकविण्याची पाळी त्यांच्यापैकी अनेकांवर आली. येथे चित्र उलटे आहे. परका येतो तो शिकविण्यासाठी. घरचा कामगार विद्यार्थी होतो. ज्या हातांनी वर्षानुवर्षे मोटारगाड्या जुळविल्या, त्यांना काचेचे तंत्र ठाऊक नाही, म्हणून ते आता ‘अकुशल’. या चित्रपटाने आमचे डोळे उघडले ते येथे. कसब हा माणसाच्या अंगचा गुण आहे असे आपण धरून चालतो. पण कारखाना बदलला, मालक बदलला, की कालचा कारागीर आज उमेदवार ठरतो. कसब कोणते आणि त्याचे मोल काय, हे ज्याच्या हाती यंत्र आहे तो ठरवितो. एक कामगार स्त्री हिशोब सांगते : जनरल मोटर्समध्ये तासाला २९ डॉलरहून थोडे अधिक, येथे १२ डॉलर ८४ सेंट. तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा रेंगाळत नाही, पार्श्वसंगीत उसासे टाकीत नाही. आकडे सांगून ती आपल्या कामाला लागते.

चिनी कामगारांकडेही दिग्दर्शक तितक्याच आस्थेने पाहतात. भट्टीवरचा एक तंत्रज्ञ बायको आणि दोन मुले मागे ठेवून आला आहे. दोन वर्षांची बोली, त्यासाठी जादा मेहनताना नाही, सहकाऱ्यांसोबत वाटून घेतलेले बिऱ्हाड. तो तक्रार करीत नाही. त्याच्या थकलेल्या डोळ्यांवरून काय ते समजावे. त्याचा अमेरिकन सहकारी त्याला भावासारखा मानतो आणि चिनी पाहुण्यांना सणाच्या जेवणाला आपल्या घरी बोलावतो. मोटारसायकलवर बसून, बंदुका चालवून पाहुणे पोरासारखे हरखून जातात. हा प्रसंग पाहताना वाटते, माणसे एकमेकांना सामावून घ्यायला तयारच होती. मोडता पडतो तो अन्यत्र.

तो कोठे पडतो, हे चित्रपटाच्या मध्यावर कळते. काही अमेरिकन पर्यवेक्षकांना फुजियानमधील मूळ कारखाना पाहावयास नेले जाते. बारा बारा तासांच्या पाळ्या, महिन्यातून एखाददुसरी सुटी, लष्करी थाटाची हजेरी, पुरेशा संरक्षणाविना फुटक्या काचा निवडणारे हात. तेथली कामगार संघटना आहे, पण तिचे अध्यक्ष कंपनीचे सर्वेसर्वा त्साओ देवांग यांचे मेहुणे! यापेक्षा बोचरा प्रसंग दुसरा. पाहुण्यांपैकी एक अमेरिकन पर्यवेक्षकच सुचवितो, की आपल्या कामगारांच्या तोंडाला चिकटपट्टी लावता आली तर काम वाढेल. इकडे ओहायोत चिनी अधिकाऱ्यांना शिकवण मिळते, की अमेरिकन माणूस गाढवासारखा आहे, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने त्याला कुरवाळावे. तेव्हा या चित्रपटातील खरी सीमारेषा चीन आणि अमेरिका यांच्यामधून जातच नाही. घरचा विरुद्ध परका, ही भाषा कोणाच्या सोयीची, हे सांगायला दिग्दर्शकांना निवेदकाची गरज भासलेली नाही. संपूर्ण चित्रपटात निवेदक नाहीच.

संघटना हवी की नको, यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये मतदान झाले. त्याआधी कंपनीने पगार तासाला दोन डॉलरनी वाढविला, संघटनेविरुद्ध समजूत घालणारे पगारी सल्लागार आणले. निकाल : ४४४ विरुद्ध ८६८. संघटना हरली. या भागातील संकलन अतिशय नेटके आहे. विरोधी मत देणाऱ्या तरुणांचीही बाजू येते. पुन्हा बेकार होण्याची धास्ती ज्याने अनुभवली आहे, त्याला भ्याड म्हणणे सोपे नाही, हे दिग्दर्शक जाणतात.

तरीही आमच्या मते चित्रपटाची एक बाजू लंगडी आहे. चिनी तंत्रज्ञांचे एकटेपण तो दाखवितो. पण ते कोणत्या परवान्यावर आले, मालकाशी पटले नाही तर त्यांनी कोठे जावे, दुसरीकडे नोकरी धरता येते का, याविषयी जवळजवळ मौन बाळगतो. आणि या वादाची गाठ नेमकी तेथेच आहे. एच-१बीवरील आमच्या मुलांना नोकरी बदलता येते. पण नवा मालक रीतसर अर्ज करील तरच, आणि नोकरी सुटली तर सर्वसाधारणपणे साठ दिवसांत नवी सोय लावावी लागते. कायम वास्तव्याच्या परवान्यात कोणत्याही एका देशास वार्षिक सात टक्क्यांहून अधिक वाटा नसल्याने भारतीयांची रांग दशकांच्या हिशोबात मोजावी लागते. ज्याला उठून जाता येत नाही, तो पगारासाठी भांडत नाही. आणि जो भांडत नाही, त्याच्यामुळे शेजारच्याचाही पगार वाढत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रात नेमकी हीच कसोटी लावली होती : परमुलखात काम करणारा हक्कांच्या बाबतीत तेथल्या कामगाराहून उणा राहता कामा नये. ती कसोटी पाळली गेली, तर घरच्या कामगाराचीही निम्मी तक्रार आपोआप मिटेल. चित्रपटाने हा धागा उचलला असता तर त्याचे वजन वाढले असते.

दुसरी गोष्ट चित्रपटाची नव्हे, आमची प्रेक्षकांची आहे. आम्ही कोणत्या खुर्चीवर बसून हे पाहतो? १९६६ साली शिवसेना स्थापन झाली, तेव्हा मुंबईच्या कचेऱ्यांतील दाक्षिणात्य कारकून-टंकलेखकांविरुद्ध भूमिपुत्रांचा जो आवाज उठला, तो आमच्याही अनेकांना आपलासा वाटला होता. आजही वसईच्या पट्ट्यात बाहेरून येणाऱ्या सुताराविषयी, वायरमनविषयी जे बोलले जाते, ते ओहायोतील माणसाच्या बोलण्याहून फारसे निराळे नाही. त्याच घरातील मुलगा टेक्सासमध्ये असला, की तेथे मात्र गुणवत्तेला न्याय मिळावा, सरहद्दी आड येऊ नयेत, असे आपण आग्रहाने मांडतो. दोन्ही मते एकाच जेवणाच्या टेबलावर, एकाच जेवणात ऐकण्याचा योग आम्हांला आला आहे, आणि बोलणाऱ्यांना त्यात काही विसंगत वाटले नाही.

त्साओ देवांग यांचे चित्रण मात्र एकपदरी नाही, हे नमूद केले पाहिजे. बालपणीच्या बेडकांचे आणि किड्यांचे आवाज आठवून हा धनाढ्य म्हातारा स्वतःलाच विचारतो, की मी उपकारकर्ता की अपराधी? क्षणभर त्याची कीव येते. पण काही वेळाने तो ओहायोतील कारखान्यातून फेरी मारीत असतो आणि व्यवस्थापक त्याला नवे यांत्रिक हात दाखवीत असतात : येथले चार कामगार आता कमी करता येतील, कारण ते फार सावकाश काम करीत होते. ते चार अमेरिकन की चिनी, हे कोणी विचारीत नाही. नंतर पडद्यावर पाळी सुटते आणि दोन्ही देशांतील माणसे आपापल्या फाटकांतून बाहेर पडून घराकडे चालू लागतात.