सात विरुद्ध एक: ऑटिझम, गणित आणि आपण न वाचलेले पेपर

दर रविवारी सकाळी मी घाटकोपरहून मुलुंडला जाते. ओळखीच्या एका घरी अकरा वर्षांच्या एका मुलाबरोबर दोन तास गणित करते. त्याला ऑटिझम आहे. सरकारी कागदावर त्याला 'स्वमग्नता' म्हणतात, पण त्याच्या आईला तो शब्द आवडत नाही. "स्वतःत कुठे मग्न आहे तो? आकड्यांत आहे," असं ताईंचं म्हणणं.

एप्रिलमध्ये ऑटिझम जागृतीचे मेसेज फिरतात. त्यातला एक ताईंनी मला दाखवला: 'ऑटिझम असलेली मुलं गणितात असामान्य असतात, केंब्रिज विद्यापीठाने सिद्ध केलं आहे.' त्यांनी विचारलं, "खरं आहे का गं हे? तू रिसर्चवाली ना?"

मी संख्याशास्त्रातली. ऑटिझम हा माझा विषय नाही, पण आकडे कसे वाचायचे हा आहे. म्हणून घरी येऊन मूळ पेपर शोधला. पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्या तुम्हा सगळ्यांना इंटरव्ह्यूत कधीतरी विचारतातच की एखादा पेपर घ्या आणि त्यावर टीका करा. तर आज हा घेऊ.

पेपर काय म्हणतो

सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांचा हा पेपर 'ह्यूमन नेचर' या जर्नलमध्ये २००७ साली आला. केंब्रिजमधले गणिताचे ३७८ पदवी विद्यार्थी आणि इतर विषयांचे ४१४ विद्यार्थी घेतले. त्यांना दोनच प्रश्न विचारले: तुम्हाला ऑटिझमचं निदान झालेलं आहे का? आणि तुमच्या जवळच्या कुटुंबात किती जणांना झालेलं आहे?

गणिताच्या गटात ७ जण निघाले, म्हणजे १.८५ टक्के. दुसऱ्या गटात १, म्हणजे ०.२४ टक्के. नातेवाइकांमध्ये गणितवाल्यांकडे १,४०५ पैकी ७ आणि इतरांकडे १,६६९ पैकी २. गणिताच्या वर्गात मुलगे जास्त असतात आणि ऑटिझमचं निदानही मुलग्यांमध्ये जास्त होतं. हे लक्षात घेऊन लेखकांनीच फरक तीन ते सात पट असा खाली आणला आहे. इथपर्यंत काम प्रामाणिक आहे. नातेवाइकांचा प्रश्न विचारून त्यांनी स्वतःच्या निष्कर्षाची एक वेगळी तपासणीही करून ठेवली, आणि तिचाही कल त्याच बाजूला आहे.

आता पहिली टीका. सगळा डोलारा ७ विरुद्ध १ वर उभा आहे. मी फिशरची एक्झॅक्ट टेस्ट लावून पाहिली. पी-व्हॅल्यू ०.०३ च्या आसपास येते, म्हणजे निकाल 'सिग्निफिकंट'. मग एकच बदल केला. इतर विषयांच्या गटात निदान झालेला आणखी एक जण आहे असं धरलं. समजा, तो त्या दिवशी फॉर्म भरायला आला नव्हता, किंवा त्याने सांगायचं टाळलं. ७ विरुद्ध २. पी-व्हॅल्यू थेट ०.१ च्या जवळ. एका माणसाने निकाल रेषेच्या अलीकडून पलीकडे गेला. याचा अर्थ पेपर खोटा आहे असा नाही. पण 'सिद्ध केलं' हा शब्द इतक्या बारीक दोरीवर टांगता येत नाही.

ही सवय लावून घ्या. कुठल्याही पेपरमध्ये घटनांची संख्या लहान असली की एक घटना इकडची तिकडे करून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

प्रश्नाची दिशा

दुसरी टीका पेपरवर नाही, मेसेजवर आहे. गणितवाल्यांमध्ये ऑटिझम किती, हे पेपरने मोजलं. ऑटिझम असलेल्यांमध्ये गणितवाले किती, हे त्याने मोजलेलंच नाही. मुंबईच्या रणजी संघात शिवाजी पार्कवर घडलेले खेळाडू किती, हे मोजून शिवाजी पार्कवर संध्याकाळी खेळणाऱ्या पोरांपैकी किती रणजीत जातील हे कळत नाही. कंडिशनल प्रॉबॅबिलिटी उलटी वाचू नये हे आपण एफवायलाच शिकतो. तरीही ती उलटी वाचलेली मी सेमिनारमध्येसुद्धा ऐकली आहे.

मग सुलट प्रश्नाचं उत्तर कुठे मिळतं? त्याच वर्षी, २००७ मध्ये, चिआंग आणि लिन यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. निष्कर्ष अगदी साधा होता: बौद्धिक क्षमता बरी असलेल्या ऑटिस्टिक मुलांपैकी बहुतेकांचं गणित सर्वसाधारण असतं आणि थोड्यांचं असामान्य असतं. असा निष्कर्ष फॉरवर्ड होत नाही.

२०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या युकुलानो, मेनन आणि सहकाऱ्यांनी ७ ते १२ वर्षांची ऑटिझम असलेली १८ मुलं आणि नसलेली १८ मुलं घेतली. दोन्ही गटांचा बुद्ध्यांक सारखा होता. आकडेमोडीत ऑटिझमवाला गट सरस ठरला. ती मुलं संख्या फोडून बेरीज जास्त करत होती. म्हणजे ९ अधिक ७ पाठ नसेल तर बोटं मोजायची नाहीत, १० अधिक ६ करायचं. काम सुंदर आहे. पण बुद्ध्यांक जुळवल्यावर आणि स्कॅनरमध्ये स्थिर पडून राहू शकणारीच मुलं घेतल्यावर गटाबाहेर कोण राहिलं? न बोलणारी, मशीनच्या आवाजाने कासावीस होणारी, सूचना न समजणारी मुलं. त्यांच्याबद्दल हा पेपर काही सांगत नाही, आणि तसा दावाही करत नाही. दावा करतो तो मथळा.

माझ्या मते या विषयावर आधी वाचावा असा पेपर जोन्स आणि सहकाऱ्यांचा आहे, २००९ सालचा. त्यांनी ऑटिझम असलेली १४ ते १६ वर्षांची १०० मुलं तपासली. त्यातल्या ७३ टक्के मुलांचं वाचन किंवा गणित यातलं किमान एक अंग त्यांच्या एकूण बुद्ध्यांकापेक्षा बरंच वर किंवा बरंच खाली होतं. लेखकांनी पाहिलेल्या चार उपगटांत सगळ्यात मोठा निघाला तो बुद्ध्यांक सरासरी पण अंकगणित वरचढ असलेल्या मुलांचा. आणि सगळ्यात जास्त दिसलेली अडचण होती वाचलेलं न समजण्याची. डोंगर आणि दरी, एकाच मुलात.

मुलुंडच्या टेबलावर

हे वाचताना मला आमचा मुलगा दिसत होता.

गेल्या महिन्यात आम्ही बसचे नंबर घेऊन खेळत होतो. तीन अंकी नंबर घ्यायचा, अंक उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करायची. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३९६ घेतला: ९६३ वजा ३६९, ५९४. मग ९५४ वजा ४५९, ४९५. पुन्हा केलं तरी ४९५. त्याने वीस-बावीस बस संपवल्या. सगळ्या ४९५ ला पोचल्या, १११ आणि २२२ सोडून.

इथवर आकडेमोड झाली. मग तो म्हणाला, "ताई, मधला नेहमी ९ येतो." मी गप्प बसले. दहा मिनिटांनी त्याने पाटीवर लिहिलं: वजाबाकी म्हणजे ९९ गुणिले मोठा अंक वजा लहान अंक. मधला अंक निघूनच जातो. म्हणजे उत्तरं नऊच शक्य, ९९ पासून ८९१ पर्यंत. नऊही तपासून झाली आणि विषय संपला. ही सिद्धता आहे. लोकलचं वेळापत्रक पाठ असणं वेगळं आणि 'आणखी शक्यता उरली नाही' हे दाखवणं वेगळं. पाहुण्यांना वेळापत्रकाचंच कौतुक वाटतं.

त्याच आठवड्यात शाळेच्या पेपरात एक प्रश्न होता: आईने दोन डझन केळी आणली, एक तृतीयांश शेजाऱ्यांना दिली, घरात पाच माणसं, प्रत्येकाला तीन, तर पुरतील का? त्याने लिहिलं: 'माहीत नाही.' मी विचारलं तर म्हणाला, "१६ उरतात. पण कोणी चार खाल्ली तर?" गुण शून्य. वजाबाकी त्याला येते. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात काय गृहीत आहे, ते त्याला येत नाही. जोन्सच्या पेपरातली दरी ती हीच.

व्यवस्थेला काय दिसतं

ऑटिझमच्या प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे आयएसएए ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण ७० च्या वर गेलं की ऑटिझम धरतात, आणि त्याच बेरजेवरून अपंगत्वाची टक्केवारी ठरते. यातला शेवटचा, चाळिसावा मुद्दा काय असावा? 'असामान्य, सॅव्हंट प्रकारची क्षमता'. म्हणजे मुलाची एखादी क्षमता थक्क करणारी असेल, तर तिचे गुण त्याच्या अपंगत्वात मिळवले जातात. निदानासाठी खूण म्हणून ती नोंदवणं समजू शकतं. पण खूण आणि अडचण एकाच बेरजेत टाकली की आकडा नेमकं काय मोजतो? मोजमापाची वैधता या विषयावर उदाहरण शोधत असाल तर हे घ्या.

शाळेतही गंमत आहे. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याची सवलत बरीच वर्षं आहे, आणि अनेकांना तिने तारलं आहे. पण सवलत फक्त खाली उतरण्याची आहे. गणिताच्या तासाला सहावीतल्या मुलाने आठवीत जाऊन बसावं आणि मराठीच्या उताऱ्याला मात्र त्याला मदत मिळावी, असा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. अमेरिकेत ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ पासून गणितात पुढे असलेल्या मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्या परंपरेतला ठळक निष्कर्ष असा की त्या विषयापुरतं पुढे नेल्याने मुलांचं नुकसान होत नाही. तो ऑटिस्टिक मुलांवरचा अभ्यास नाही, म्हणून जसाच्या तसा लावू नये. पण आपल्याकडे करून पाहण्यासारखा नक्की आहे.

स्पर्धांचंही तेच. सहावी आणि नववीसाठीच्या होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेत लेखी आणि प्रात्यक्षिकानंतर शेवटी प्रकल्प आणि मुलाखत असते. मुलाखत वाईट नाही, पण ती विज्ञानाबरोबर समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणंही मोजते. गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी फक्त आकडी उत्तर मागते. कुठली परीक्षा काय मोजते हे पालकांनी आधी पाहिलं, तर बरीच रडारड वाचेल.

काप्रेकरांना निदान चिकटवू नका

ही पोस्ट लिहिताना एका मित्राने सुचवलं, "काप्रेकरांचं उदाहरण दे ना. तेही तसेच असतील." द. रा. काप्रेकर, जन्म १९०५, डहाणू. देवळालीला शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही. चार अंकी संख्यांचा ६१७४ हा स्थिरांक त्यांचा. वरचा बसचा खेळ त्याचंच धाकटं भावंडं. माझं उत्तर नाही असं होतं. गेलेल्या माणसाला मुलाखतीशिवाय, तपासणीशिवाय निदान देणं हा संशोधनाचा प्रकार नाही. शिवाय त्यातून पालकांना चुकीचा निरोप जातो: तुमच्या मुलाची अडचण माफ आहे, कारण तो पुढे काप्रेकर होणार आहे.

नाही झाला तर?

हा प्रश्न ताईंचाच आहे. मुलाला सध्या दोन ठिकाणांहून बोलावणं आहे. एका क्लासला त्याचा फोटो फ्लेक्सवर हवाय, वर 'ऑटिझमवर मात!' असं लिहून. एका शाळेने त्याला घ्यायची तयारी दाखवली, पण त्याची सिद्धतेची वही पाहिल्यानंतर. त्याआधी 'आमच्याकडे सोय नाही' असं उत्तर होतं. ताई म्हणाल्या, "गणित येतं म्हणून घेतायत. उद्या कंटाळला गणिताला, तर परत सोय नाही का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायद्याकडे आहे: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि शिक्षणाच्या हक्काला कुठल्याही प्रतिभेची अट नाही. तेवढं मी त्यांना छापून दिलं. आणि केंब्रिजबद्दल सांगितलं, "ताई, तो पेपर केंब्रिजच्या मुलांबद्दल आहे. आपल्या मुलाबद्दल जे कळायचं ते त्याच्या वहीतून कळेल, डोंगरही आणि दरीही. दोन्हींसाठी मदत मागा, एकाच्या बदल्यात दुसरी नको."

तुमच्यापैकी कोणी शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र किंवा संख्याशास्त्रात विषय शोधत असेल तर इथे काम पडलंय. मराठी माध्यमातल्या ऑटिस्टिक मुलांना शाब्दिक गणितं कुठे अडतात, भाषेत की गृहीतकांत, याची नीट पाहणी कोणीतरी करायला हवी. सॅम्पल लहान असलं तरी चालेल. फक्त सॅम्पलबाहेर कोण राहिलं ते पहिल्या पानावर लिहा.

पुढच्या रविवारी आम्ही चार अंकी संख्या घेणार आहोत. ६१७४ मी त्याला अजून सांगितलेला नाही.