संतांचा सन्मान आणि आपली मराठी

गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगडाच्या डोंगरावर महादेवाचे देवस्थान आहे आणि तेथेच ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांच्या नावाचा दर्गाही. महाशिवरात्रीच्या यात्रेत दोन्ही ठिकाणी भाविकांची रीघ लागते. देवापुढे माथा टेकणे आणि सत्पुरुषाला साकडे घालणे या दोन क्रिया आपला समाज शेजारीशेजारी करीत आला. दोहोंसाठी शब्द मात्र बहुधा एकच वापरत आला: नवस. मराठी कॅथलिक भाविकही याच भाषेत वाढतो. म्हणूनच आपल्या संतभक्तीचा प्रश्न धर्मशिक्षणाचा जितका, तितकाच साहित्याचाही आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण स्वच्छ आहे. आराधना एकट्या परमेश्वराची, संतांना व प्रतिमांना केवळ आदराचे वंदन, हा भेद निकेया येथील ७८७ सालच्या परिषदेने केला. संतांकडे मध्यस्थीची विनंती करणे हितकारक आहे, पण कृपादान येते ते देवाकडून, ख्रिस्ताच्या द्वारे, असे त्रेंतच्या परिषदेने डिसेंबर १५६३ मध्ये सांगितले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली त्याहून मार्मिक गोष्ट मांडली. संतांचा खरा सन्मान बाह्य कृतींच्या संख्येत नसून प्रेमाच्या उत्कटतेत आहे. आणि संतांकडून आपण तीन गोष्टी घ्यायच्या: त्यांच्या जीवनाचा कित्ता, त्यांचा सहवास आणि त्यांच्या मध्यस्थीचे साहाय्य. आपल्या लेखनाने यांतली तिसरी उराशी धरली. पहिल्या दोन दाराबाहेर राहिल्या.

याची मुळे जुनी आहेत. फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणानंतर (१६१६) मराठीत संतावर रचलेले मोठे काव्य म्हणजे एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच येशूसंघीयाचे पेत्रपुराण. १६२९ साली गोव्यात ते छापले गेले. परक्या भाषेवरचे कवीचे प्रभुत्व थक्क करणारे आहे. पण ग्रंथाच्या पोर्तुगीज शीर्षकातच पूर्वेकडील धर्मांतील चुकांचे खंडन हा हेतू नोंदलेला आहे, आणि पेत्र त्या वादाखाली दबून जातो. प्रभूला तीनदा नाकारून रडलेल्या या कोळ्याला इतक्या ओव्यांच्या गर्दीत मोकळा श्वास घेता येऊ नये, हे मला त्या ग्रंथाचे सर्वांत मोठे उणेपण वाटते.

पेत्रपुराण छापले जाण्याच्या दोनच वर्षे आधी, १६२७ साली, आपल्याच भूमीचा एक पुत्र धन्यवादित म्हणून घोषित झाला होता: वसईचा गोन्सालो गार्सिया. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले, त्यांतला हा एक. १८६२ साली त्याला संतपद मिळाले. माझ्या वाचनातील त्याच्यावरील बहुतेक लेखन थेट त्या क्रुसापाशी पोहोचते. त्याआधीचा माणूस कोठे आहे? येशूसंघीयांजवळ वाढलेला, त्यांच्यासोबत जपानला गेलेला, संघात प्रवेश मिळावा म्हणून तिष्ठत राहिलेला आणि तो न मिळाल्यावर व्यापारात पडलेला. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झालेला. धर्मगुरू तो कधीच नव्हता. ज्यांना कोणी दाराशीच थांबवले, अशा किती जणांना हा संत आपला वाटला असता! पण माझ्या पाहण्यातील नोव्हेनाच्या पुस्तिकांत त्या नकाराला एक ओळही नाही. तेथे तो संकट निवारणारा आहे, नवसाला पावणारा आहे. हे विशेषण कोणत्याही नावापुढे लावा, तितकेच शोभते; आणि येथेच आपली भाषा शिकवणीशी बेइमान होते. पावतो तो देव. संत आपल्याबरोबर मागतो.

शब्द बदलून भागणार नाही, हे मान्य. साध्या भाविकाच्या तोंडचा ‘नवस’ काढून घेण्याचा अधिकारही समीक्षकाला नाही. त्या शब्दात कित्येक आयांच्या जागरणाच्या रात्री आहेत. माझी तक्रार लेखकांशी आहे. १५९३ साली हा वसईकर जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यापुढे दुभाष्या म्हणून उभा राहिला. एकीकडे स्पॅनिश वरिष्ठ, दुसरीकडे ज्याच्या एका शब्दावर सर्वांचा जीव अवलंबून तो राज्यकर्ता, आणि मध्ये दोघांचे बोलणे एकमेकांपर्यंत नेणारा हा बंधू. मध्यस्थी या शब्दाचा अर्थ सांगण्यासाठी याहून जिवंत प्रसंग कोणता हवा? आपल्या किती कवींनी तो हाताळला?