विरळणीनंतरचा साग

छत्तीसगडात पूर्वेकडे सालाचं राज्य, पश्चिमेकडे सागाचं. भिलाईहून राजनांदगावमार्गे गडचिरोलीकडे निघालं की आपण सागाच्या मुलखात शिरत जातो, आणि आलापल्लीला पोचेपर्यंत त्याचं वैभव कळून येतं. तिथले जुने महावृक्ष सगळेच पाहतात. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ला २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळाचा मान मिळाला, तो रास्तच. माझा जीव मात्र रमतो तो पंधरा-वीस वर्षांच्या सागाच्या रोपवनात, तेही विरळणी होऊन एक-दोन पावसाळे गेल्यावर.

दोन-दोन मीटरवर जडी, म्हणजे सागाचे मुळासकट खुंट, लावली, तर हेक्टरी २५०० झाडं होतात. पहिली विरळणी हिशेबाची असते. तिरप्या रांगांपैकी एक ठेवायची, एक काढायची, म्हणजे निम्मी उरतात. खरी कला दुसऱ्या विरळणीत. इथे प्रत्येक झाडापुढे उभं राहून मान वर करावी लागते. साग उन्हाचा भुकेला, शेजाऱ्याची सावली त्याला सोसत नाही. शेंडा कोंडला की तो नुसता उंच, किडकिडीत होत जातो. आणि एकदम फार मोकळं केलं, तर खोडावर फुटवे येऊन लाकडात गाठी धरतात. जाणता माणूस या दोहोंच्या मधलं अंतर डोळ्यानं मोजतो. त्यानं काढायला म्हणून निवडलेल्या झाडापेक्षा त्याच्या शेजारच्या झाडाकडे बघावं. खुणेचा हातोडा मारताना त्याच्या मनात तेच झाड असतं.

अशा मोकळ्या केलेल्या रोपवनात पावसाळ्यात जमीन बघावी. सागाचं पान सुपाएवढं. त्यावर पाणी साठून जाड थेंब खाली आदळतो, आणि खाली काही उगवलेलं नसेल, तर मातीच उडवतो. बुंध्याभोवतीचे खडे उघडे पडलेले दिसले, की ते रोपवन कोंडलेलं आहे किंवा दरसाल जळतं आहे, हे ओळखावं. विरळणीनं ऊन जमिनीला लागतं, गवत येतं, बांबूला जोर चढतो. मग चितळ येतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळ्या पानांवर अळ्या पडतात, शेंडे चाळणीसारखे होतात. वनवाल्यांना तो ताप, पण त्याच दिवसांत पाखरांची पिल्लं वाढत असतात.

लाकडाच्या हिशेबात जे बाद, ते जंगलाच्या हिशेबात मोलाचं असतं, आणि दोन्ही हिशेब एकाच हातानं मांडलेलं रोपवन मला सर्वांत देखणं वाटतं. रांगेत मध्येच राखलेला मोह. दुबेळक्याचा, वाकडा, फळीच्या कामाचा नसलेला साग. वाळून उभं राहिलेलं एखादं खोड, ज्यात सुतार पक्ष्यानं ढोली कोरली की पुढे पिंगळा किंवा पोपट बिऱ्हाड करतात. हे सगळं काढून टाकणारी विरळणी मी नीटस म्हणेन, चांगली म्हणणार नाही.

एका ठिकाणी मात्र कुऱ्हाड लावूच नये, ते म्हणजे नाल्याचा काठ. शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर जातं ते फांदीला फांदी भिडलेली असेल तर. जमिनीवर उतरायला ते राजी नसतं. त्या पट्ट्यात अर्जुन, जांभूळ, करंज दाटीनं राहू दिले, तर इमारती लाकडाचं फारसं जातही नाही, कारण पाणी साचणाऱ्या जमिनीत साग मुळात नीट वाढतच नाही.