‘सिड’ : ‘अस्थिर’ या शब्दाची चिकित्सा

संगणक प्रणालींच्या नावांकडे वाङ्मयीन नजरेने पाहण्याची आपल्याकडे रीत नाही. डेबियन या लिनक्स वितरणापुरते तरी तसे पाहायला हवे. इयान मरडॉक यांनी 1993 साली सुरू केलेल्या या प्रकल्पाच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातील पात्रांची नावे देतात. स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी नवे नाव घेते. अस्थिर शाखेचे नाव मात्र कायम एकच : सिड, म्हणजे खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा. जिला अस्थिर म्हणायचे, तिचेच नाव तेवढे स्थिर!

हा शब्द वाचकाची दिशाभूल करतो. सतत बंद पडणारी प्रणाली, असा त्याचा अर्थ नाही. अस्थिर आहे ते आश्वासन. काल होते तसेच आज राहील, याची हमी नाही. नवे पॅकेज बहुधा आधी सिडमध्ये येते, साधारण 2 ते 10 दिवस तिथे राहते आणि गंभीर दोष नोंदला गेला नाही तर ‘टेस्टिंग’ शाखेत जाते. पुढे ती शाखा गोठवून स्थिर आवृत्ती घडते. म्हणजे सिडवरच्या वापरकर्त्याचे मौन हीच संमती धरली जाते.

डेस्कटॉप हा या व्यवस्थेतला सर्वांत अवघड भाग. ग्नोम किंवा केडीई म्हणजे शेकडो पॅकेजेसचे एकत्र कुटुंब. ग्नोमच्या खिडक्या सांभाळणारा ‘मटर’ आणि समोर दिसणारे ‘ग्नोम शेल’ यांच्या आवृत्त्या जुळाव्याच लागतात. सिडमध्ये मात्र एक आज येतो, दुसरा परवा. 2024च्या वसंतात याचा कळस झाला. जुनी 32-बिट कालगणना 19 जानेवारी 2038 रोजी संपते. त्यावरच्या उपायासाठी असंख्य लायब्ररींच्या नावांना ‘टी64’ हे शेपूट जोडले गेले, जीटीके आणि क्यूटी यांनाही. ज्या 64-बिट यंत्रांना या बदलाची गरजच नव्हती, त्यांच्यावरही नावे बदलली. अशा दिवसांत अद्ययावत करण्याची आज्ञा दिली की काय काढले जाणार, याची यादी शेवटपर्यंत वाचावी लागते. डोळे मिटून ‘हो’ म्हणणाऱ्याचा अख्खा डेस्कटॉप जाऊ शकतो.

त्याच काळात सिडने आपली किंमतही दाखवली. सिडवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते ‘एक्सझेड’ या संक्षेपन-साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत लपवलेल्या चोरदारापर्यंत पोहोचले. 29 मार्च 2024 रोजी त्यांनी ते जाहीर केले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो माल पोहोचलाच नव्हता. ज्यांनी सिड कधी पाहिले नाही त्यांचेही रक्षण सिडवरच्या एका चौकस माणसाने केले.

माझा आक्षेप इथूनच सुरू होतो. ही व्यवस्था चौकस माणसावर उभी आहे. पण चौकसपणाला इथे एकच भाषा चालते. डेबियनकडे दोष नोंदवायचा तो ई-मेलने आणि इंग्रजीत. मी सिडवर मराठी लिहितो, म्हणून मला हा प्रश्न अवांतर वाटत नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र नीट उमटणे हे फाँट, अक्षरजुळणी करणारे हार्फबझ आणि डेस्कटॉप या तिघांच्या मेळावर अवलंबून असते. तिघांपैकी कोणीही बदलले की मेळ बिघडू शकतो. इंग्रजी अक्षर असे मोडले तर तासाभरात कोणीतरी ओरडेल. मराठी अक्षर मोडले आणि पाहणारा कोणी नसला, तर ते मौनही संमतीच ठरेल. स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर तिच्यात मुख्यतः सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्याच दुरुस्त्या होतात. मोडका र मग पुढच्या आवृत्तीपर्यंत तसाच राहण्याची शक्यता मोठी.

तेव्हा ‘अस्थिर म्हणजे आपल्यासाठी नव्हे’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. बँकेचे किंवा कचेरीचे काम सिडवर करू नये, हे खरेच. पण एखाद्या जुन्या यंत्रावर सिड बसवून त्यावर रोज चार ओळी मराठी लिहिणारी दहा माणसे आपल्याकडे हवीत, आणि त्यांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीला तिथे मानही मिळायला हवा. लिपी टिकते ती तिच्या अभिमानाने नव्हे. मोडल्याची वर्दी वेळेवर गेली, तर टिकते.