मध्यमातले तंबोरे

गाणं लांबलं, अशी तक्रार करणाऱ्या माणसाला एकदा नीट खोदून विचारा. त्याचं भांडण गाण्याशी नसतंच मुळी. रात्रभर गाणं ऐकून पहाटेच्या पहिल्या लोकलनं कल्याणला घरी परतणारी आणि अंघोळ उरकून त्याच दिवशी आठच्या गाडीला लटकणारी माणसं मी पाहिलेली आहेत. त्यांच्या डोळ्यांत झोप असे, तोंडात तक्रार नसे. लांबतं ते गाण्याच्या आधीचं, मधलं आणि नंतरचं. त्याला 'कार्यक्रम' म्हणतात.

गेल्या जानेवारीत डोंबिवलीच्या एका मैदानावर असाच एक कार्यक्रम होता. पत्रिकेत 'ठीक सहा वाजता' असं छापलं होतं. यातलं 'ठीक' हे वेळेबद्दल नसून आयोजकांच्या प्रकृतीबद्दल असतं, हे जाणकारांना सांगायला नकोच. ठाण्याहून स्लो गाडीनं निघालं तर कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर अशी सगळी स्टेशनं घेऊनही अर्ध्या तासाच्या आत डोंबिवली येते. आमचं दीपप्रज्वलन मात्र पहिल्याच स्टेशनात अडकलं. वाती पाच, पाहुणे सात आणि वारा आमंत्रण नसताना हजर. मग स्वागत, प्रास्ताविक, स्मरणिकेचं प्रकाशन आणि चौदा सत्कार. शाल, श्रीफळ, फोटो. फोटो हलला म्हणून पुन्हा शाल.

त्यानंतर निवेदक उठले. त्यांनी गायिकेची ओळख सुरू केली ती तिच्या आजोबांपासून. १९०२ साली गौहर जाननं गाणं ध्वनिमुद्रित केलं तेव्हा तबकडीत दोन-तीन मिनिटंच मावत. तेवढ्यात ती गायची आणि शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत सांगून मोकळी व्हायची. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीनेक मिनिटांच्या तबकडीत अख्खा राग उभा करून दाखवला. आमच्या निवेदकांच्या एका ओळखीत अशा सहा तबकड्या आरामात वाजून झाल्या असत्या.

बाई गायला बसल्या तेव्हा आठ वाजायला दहा मिनिटं होती. यमन घेतला. सुरेख झाला, हे कबूल केलंच पाहिजे. विलंबित एकतालात त्या निषादावर अशा काही थांबल्या, की शेजारच्या काकांची वेफर्सची पिशवीसुद्धा गप्प झाली. द्रुत बंदिशीत ताना थोड्या जास्त झाल्या. चार कमी घेतल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्या जास्तीच्या तानांना कोणी घड्याळ बघितलं नाही. घड्याळं वर झाली ती नऊ वाजता, एक विशेष पाहुणे उशिरा आले म्हणून गाणं थांबवलं तेव्हा. "मी तुमचा जास्त वेळ घेणार नाही," असं म्हणून त्यांनी वीस मिनिटं घेतली. त्यांनी शब्द मोडला असं मात्र म्हणता येणार नाही, कारण 'जास्त' म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलंच नव्हतं.

आता खरी गोष्ट सांगतो. बाईंच्या मागे तंबोऱ्यांची दुसरी जोडी गवसणीत ठेवलेली होती. सत्कार चालू असताना शिष्या ती पडद्याआड लावत होत्या, ते मी ऐकलं होतं. पहिली तार पंचमात नव्हती, मध्यमात होती. मालकंसाला पंचम वर्ज्य, म्हणून त्याच्यासाठी तंबोरा असा लावतात. म्हणजे यमनानंतर मालकंस ठरलेला होता.

साडेनऊला आयोजकांची चिठ्ठी आली. बाईंनी ती वाचली, तबलजींकडे पाहून हसल्या आणि भैरवी सुरू केली. गवसणी सुटलीच नाही.

पूर्वी हे चालून जाई. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला, तो पुढे कित्येक वर्षं रात्र रात्र चाले. भाषण लांबलं तर भैरवी पहाटेऐवजी उजाडल्यावर होई, एवढंच. सकाळच्या रागिणीला तेही शोभून दिसे. मग ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हे पक्कं केलं. वर्षातले मोजके सवलतीचे दिवस सोडले, तर उघड्या मैदानावर दहा म्हणजे दहा. नियमाशी माझं भांडण नाही. मैदानाला लागून बिल्डिंगी आहेत, त्यांत बारावीची मुलं आहेत, आजारी माणसं आहेत. पण वेळेला शेवट आला, हे गायकांना कळलं तसं व्यासपीठावरच्या मंडळींना अजून कळलेलं नाही. पूर्वी भाषणं आपली झोप चोरत. आता ती राग चोरतात. मालकंस, दरबारी हे रात्र चढल्यावर गायचे राग. त्यांच्या वाट्याला कसाबसा शेवटचा पाऊण तास येतो, आणि नेमका तोच शालींखाली झाकला जातो. असं दहा वर्षं चाललं, तर मैदानात बसून गाणं ऐकणाऱ्या आमच्या मुलांना रात्रीचा राग एकच ठाऊक असेल, यमन.

भैरवी पाच मिनिटं झाली, आभार पंधरा. दहाला माइक बंद पडला तरी आभार चालूच होते.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. सत्कार भैरवीनंतर ठेवावेत. ज्यांनी खरंच काम केलंय, त्यांच्यासाठी लोक गाडी सोडून थांबतील. बाकीच्यांसाठी त्यांच्या घरची मंडळी थांबतील. आणि मधेच दहा वाजले, तरी अडणार कुणाचंच नाही. शाल माइकशिवायही घालता येते.