रौद्ररसाचे मुंबईकर उपासक

ज्या महाराष्ट्रात ख्यालगायकीतील एखाद्या हरकतीच्या औचित्यावर रात्र रात्र वाद रंगले आणि घराण्याघराण्यांतील आवाजाच्या लगावाची मीमांसा नियतकालिकांच्या पानोपानी झाली, त्याच महाराष्ट्राच्या राजधानीत दोन तपांहून अधिक काळ नांदत असलेल्या हेवी मेटल संगीताची मराठी समीक्षेच्या दफ्तरी फारशी नोंद असू नये, ही गोष्ट मला मनापासून खेदाची वाटते.

2000 साली साहिल माखिजा या तरुणाने मुंबईत ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ हा बँड उभारला, तेव्हा असल्या संगीताला ना ध्वनिमुद्रणाच्या कंपन्यांचा आश्रय होता, ना सभागृहांच्या चालकांची मर्जी. त्याने ‘डेमॉनस्टीलर रेकॉर्ड्स’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, ‘रेझरेक्शन’ नावाचे महोत्सव भरवले, आणि केवळ आपल्याच बँडची तजवीज करून न थांबता इतरांच्याही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केल्या. 2010 साली लंडनच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाने या बँडचा सन्मान केला आणि त्याच वर्षी ‘कँडललाइट’ या ब्रिटिश संस्थेने त्याची ध्वनिमुद्रिका काढली. परदेशाने सनद द्यावी आणि मग घरच्यांनी कान टवकारावेत, हा आपला जुनाच परिपाठ; येथे तर सनद मिळूनही आपले कान मिटलेलेच राहिले.

या बँडची माझ्या मते सर्वांत विचारार्ह कृती म्हणजे 2017 सालची ‘दशावतार’. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारावर एकेक गीत अशी तिची रचना असून, विद्युत गिटारींच्या घनगर्जनेत भारतीय वाद्यांचे स्वरही मिसळलेले आहेत. प्रथम ऐकणारा गृहस्थ गायकाच्या गुरगुराटानेच बिचकतो आणि याला गाणे म्हणावे काय, असे विचारतो. परंतु त्या आवाजामागे साधना आहे. नेहमीच्या गायनात मुख्य स्वरतंतू कंप पावतात. येथे त्यांच्या वरच्या बाजूस असलेल्या आभासी स्वरतंतूंनाही कंपायमान करावे लागते, आणि ते पोटाच्या श्वासाच्या आधाराने न करता गळ्यावर जोर देऊन केले, तर गळा दुखावतो. तबलजीची बोटे जो हिशेब सांभाळतात, तोच हिशेब येथील ड्रमवादकाला दोन्ही हातांसह दोन्ही पायांनी, अतिद्रुत लयीत आणि दम न सोडता सांभाळावा लागतो. अशा आवाजातून नरसिंहाचा क्रोध प्रकट होतो, तेव्हा तो गोड गळ्याने सांगितलेल्या कोणत्याही आख्यानाहून मला अधिक खरा वाटतो. मात्र वामनाच्या कथेतील कौशल्य आणि बुद्धाची शांतता यांना या शैलीत पुरेसा अवकाश मिळत नाही. रौद्राचा वेग एकदा अंगात भिनला की तो शांतालाही आपल्याच रंगात ओढतो, ही या कृतीची मर्यादा आहे.

नाट्यशास्त्रकार भरताने रौद्राप्रमाणेच भयानक आणि बीभत्स यांनाही रसांच्या पंक्तीत मानाचे पान दिलेले आहे. कोकणातल्या दशावतारी खेळात काळा वेष ल्यालेला, लांब लाल जिभेचा संकासुर रंगभूमीवर येतो, तेव्हा मुले आईच्या पदराआड लपतात आणि तरीही पाहतच राहतात. भयाचा हा आस्वाद आपल्या मातीला परका नाही. 2003 साली मुंबईतच निघालेल्या ‘भयानक मौत’ या बँडने दोन गायक शेजारी उभे करून तो अधिक रांगड्या, लयप्रधान वळणाने घडवला; 2014 सालची त्यांची ‘मॅन’ ही ध्वनिमुद्रिका धीराने ऐकणाऱ्याला ती लय हळूहळू आपलेसे करते. मुंबईचाच ‘गटस्लिट’ हा बँड त्याहूनही उग्र आहे.

कलावंत उणे नाहीत. उणीव आहे ती जागेची आणि जाणत्या श्रोत्याची. धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात 1978 पासून ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव भरला, पुढे ‘इंडिपेंडन्स रॉक’ या महोत्सवाने तेथे रॉकप्रेमींच्या पिढ्या घडवल्या, मग रुग्णालये आणि विद्यालये यांच्या सान्निध्यामुळे तो परिसर शांतताक्षेत्र ठरला आणि मैफिली थांबल्या. रुग्णाला झोप हवी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण एक अंगण बंद करताना त्याच्या मोबदल्यात, त्याच माफक दरात, दुसरे अंगण देण्याची तजवीज व्हायला हवी होती. ती न झाल्याने हे संगीत मद्यालयांच्या आश्रयाला गेले आणि तिकिटासोबत खाद्यपेयाचा खर्च न झेपणारा विद्यार्थी दाराबाहेर राहिला.

महापालिकेच्या नाट्यगृहांतून वर्षाकाठी काही रात्री या बँडना सवलतीच्या भाड्याने मिळाव्यात, आणि आपल्या नियतकालिकांच्या संपादकांनी नाटक-चित्रपटांच्या परीक्षणांशेजारी यांच्या ध्वनिमुद्रिकांच्या परीक्षणालाही पान द्यावे. वाचकांना माझी विनंती एवढीच की, ‘दशावतार’ आरंभापासून अखेरपर्यंत एका बैठकीत ऐकावी आणि मगच पसंती-नापसंती ठरवावी.